माझ्या हातची नाही

चष्म्याची काडी सैल झाली होती, एवढंच निमित्त. मगदूम सर अकराच्या सुमारास आकारामच्या दुकानात गेले, चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि काचेच्या कपाटाला टेकून उभे राहिले. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. त्यावरची वरची दोन मोठी अक्षरं तेवढी त्यांना दिसत होती, खालच्या ओळी मुंग्यांसारख्या पळत होत्या. आकाराम त्यांचा जुना विद्यार्थी. शाळेत असताना चित्रकलेत त्याला कधी पस्तीसच्या वर मार्क पडले नाहीत, पण आता बारीक स्क्रू फिरवताना त्याचा हात दगडासारखा स्थिर असे. मान वर न करता तो म्हणाला, "सर, पत्रिका मिळाली बरं का. लय भारी. बायकोला म्हटलं, ही छापलेली न्हाई, सरांनी हातानं लिवलीया. पोरीच्या लग्नात बाप एवढं तरी करणारच की."

"कसली पत्रिका?" सर म्हणाले. आकारामला वाटलं, सर चेष्टा करतायत. हसत हसत त्यानं ड्रॉवर उघडला आणि जाड दुधी कागदाची पत्रिका काढून त्यांच्या हातात ठेवली. चष्मा त्याच्याचकडे होता, त्यामुळे सरांना मजकूर वाचता आला नाही. पण वाचायची गरजच पडली नाही. तपकिरी शाईचा तो तिरका ओघ, शिरोरेघेला हलकेच स्पर्श करून खाली उतरणाऱ्या त्या दांड्या, शब्द संपताना शेवटच्या कान्याला दिलेली ती लांब, आवरून धरलेली शेपटी. गर्दीत पाठमोरं माणूस नुसत्या चालीवरून ओळखावं तसं त्यांनी ते ओळखलं. अक्षर त्यांचं होतं आणि ते त्यांनी लिहिलेलं नव्हतं. आकारामनं चष्मा पुसून त्यांच्या नाकावर बसवला तेव्हा पहिल्यांदा नजर पडली ती तळाशी. 'आपला नम्र, रायगोंडा आदगोंडा मगदूम.' मग वर. 'चि. सौ. कां. ब्राह्मी' आणि 'चि. ऋषिराज'. पत्रिकेच्या माथ्यावर कुठल्याच देवाचं नाव नव्हतं. "छान झालीय," सर म्हणाले. आपण असं का म्हणालो ते त्यांना दुकानाच्या पायऱ्या उतरून सांगलीच्या पेठेत आल्यावरही कळलं नाही. हळदीच्या वखारीपुढं पोती उतरवत होते, हवेत पिवळी धूळ होती, आणि त्यांच्या उजव्या हाताला, फक्त उजव्याच, दरदरून घाम फुटला होता.

चाळीस वर्षं त्यांनी त्या हातानं मानपत्रं लिहिली होती. शाळेत ते चित्रकला शिकवत, पण जिल्ह्यात त्यांना ओळखत ते मानपत्रांमुळं. कारखान्याच्या अध्यक्षांचा सत्कार असो, निवृत्त होणारे मुख्याध्यापक असोत, जैन बस्तीतला पंचकल्याणक उत्सव असो, माणूस आष्ट्याहून, इस्लामपूरहून त्यांच्याकडे यायचा आणि कागद ठेवून जायचा. ते पहाटे अंघोळ करून बसत, बोरू तासत, शाईत बुडवत, आणि पहिल्या अक्षराआधी एक श्वास छातीत धरून ठेवत. कुणाची योग्यता काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण कागदावर त्यांचं अक्षर उतरलं की त्या माणसाला मान मिळाला, असं सगळे धरून चालत, आणि हळूहळू तेही तसं धरून चालू लागले. म्हणून मार्चमध्ये ब्राह्मी पुण्याहून आली, जेवणं झाल्यावर त्यांच्यासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "अण्णा, पत्रिका तुमी लिहा," तेव्हा त्यांना आरडाओरडा करावासा वाटला नाही. त्यांनी फक्त सुपारी कातरता कातरता सांगितलं, "माझ्या हातानं न्हाई." एवढंच. जात काढली नाही, समाज काय म्हणेल हे काढलं नाही. मुलगा साताऱ्याचा, मराठ्यांचा, बाप सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, स्वतः शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. एकदा घरी येऊन गेला होता. ताटातलं सगळं संपवलं, भिंतीवरच्या मानपत्राकडे बराच वेळ बघत उभा राहिला, जाताना वाकून नमस्कार केला. त्याच्यात खोट काढावी असं काही सापडलं नाही, आणि त्याचाच सरांना जास्त राग आला. खोट सापडली असती तर बोलता तरी आलं असतं. मग उरलं काय, तर एक नकार, लहानसा, हातातल्या हातात मावणारा. त्या नकाराला ते तीन महिने जपत होते. पोरगी पुन्हा येईल, पुन्हा विचारेल, रडेल, आणि मग आपण बोरू तासायला घेऊ, असंही कुठंतरी आत होतं का? ते स्वतःला हे विचारत नसत.

तिनं पुन्हा विचारलंच नाही. तिला गरज नव्हती. पेठेतून घराकडे चालताना त्यांना पाच-सहा वर्षांपूर्वीच्या त्या दोन दिवाळ्या आठवल्या. ब्राह्मी पुण्यात अक्षरांचं काम शिकली, एका कंपनीत लागली, आणि म्हणाली, तुमच्या अक्षराचा फॉन्ट करूया, समारंभाच्या पत्रिकांना, मथळ्यांना चालेल असा. त्याचं नावही तिनंच ठेवलं, मानपत्र. कंपनीनं कागद पाठवले, त्यांनी न वाचता सही केली. त्या दोन सुट्ट्या ते दोघं माडीवरच्या खोलीत बसून होते. ते एकेक अक्षर शंभर वेळा लिहीत. कुणी कधी वापरत नाही ते ङ आणि ञ सुद्धा. ती त्यातलं एक निवडायची, संगणकावर मोठं करायची आणि त्याच्या कडेनं रेघ ओढत जायची. कधी नव्हे ते दोघांत काही बोलायला होतं. "अण्णा, तुमचा म बघा, दर खेपेला त्याची गाठ येगळी. कुठली घेऊ?" "तुला बरी वाटंल ती घे." तिनं घेतली. स्क्रीनवर रेघ ओढणारा तिचा हात डावा होता, हे त्यांना तिसऱ्या दिवशी दिसलं. लहानपणी ती डावरी होती. त्यांनी पट्टी घेऊन तिला उजव्या हातानं लिहायला लावलं होतं, दोन वर्षं, रोज संध्याकाळी. चित्रकलेच्या मास्तराची पोर डाव्या हातानं शाई फराटत लिहिते हे त्यांना सोसलं नव्हतं. ती उजव्या हातानं लिहायला शिकली, पण अक्षर कायम वेडंवाकडं, पावसात सापडलेल्या कोंबडीच्या पायांसारखं. आणि आता तोच डावा हात त्यांच्या अक्षरावरून इतका निवांत, इतका नेमका फिरत होता. त्यांना तेव्हा काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनी चहा मागवला.

आणि ऋ. घराच्या फाटकाशी आल्यावर त्यांना तो ऋ आठवला आणि कडीवरचा हात तसाच राहिला. बाकीच्या अक्षरांत तिचं लवकर समाधान व्हायचं, पण ऋ तिनं पुन्हा पुन्हा लिहून घेतला होता. "अजून एकदा, अण्णा. खालचा फाटा जरा मोकळा येऊ द्या." त्यांनी शंभरावर आणखी तीस-चाळीस ऋ लिहिले. ऋषी, ऋतू, ऋण, असे शब्दही तिनंच सुचवले. तेव्हा ती ऋषिराजला ओळखत होती? त्या माडीवर, त्यांच्या मांडीला मांडी लावून, ती त्यांच्याकडून ते नावच घोटून घेत होती? की हे आपलं आजचं विष आपण त्या दिवसात मिसळतोय? त्यांना ठरवता येईना. ठरवता आलं नाही म्हणून त्या दोन्ही दिवाळ्या त्यांच्या मनात नासल्या, दूध नासावं तशा, एका क्षणात.

त्रिशलाबाई ओट्यापाशी होत्या. सरांनी पत्रिका त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात पदराला पुसले, पण पत्रिका घेतली नाही. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तिनं इचारलं हुतं मला. मीच म्हटलं, घाल नाव." गॅस बारीक करत म्हणाल्या, "आवं, बाप जिवंत असून नाव न्हाई म्हटल्यावर लोकं काय म्हणतील तिला?" सर पत्रिका घेऊन वर गेले. दुपारभर माडीवर पडून राहिले. फोन तीनदा वाजला. पलूसचे साडू, शाळेतले जुने शिपाई, बस्तीचे सेक्रेटरी. तिघंही अक्षराबद्दलच बोलले, आणि तिघांच्याही आवाजात एक सुटकेचा सूर होता. सरांनीच लिहून बोलावलंय म्हटल्यावर जायला आता कुणाला अडचण नव्हती. त्यांनी न उच्चारलेला आशीर्वाद चारशे घरांत पोचला होता, लोक तो डोळ्यांना लावत होते, आणि त्यांचा खराखुरा नकार ह्या खोलीत त्यांच्याबरोबर आडवा पडला होता, कुणाला माहीतही नव्हता. संध्याकाळी ते उठले. चांगला कागद घेतला. बोरू तासला. श्वास धरला. आणि लिहिलं: 'ब्राह्मीच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातची नाही. तीवरील निमंत्रण माझे नाही.' खाली सही केली, फोटो काढला आणि मगदूम परिवाराच्या ग्रुपवर टाकला. बासष्ट माणसं होती त्यात.

पहिलं उत्तर मिनिटात आलं. जोडलेले हात. मग एका भाच्याचं, 'काका, हेपण त्याच फॉन्टमध्ये? एक नंबर!' मग कुणाच्या तरी सुनेचं, 'किती सुंदर अक्षर'. मजकूर कुणी वाचत नव्हतं, की वाचून न वाचल्यासारखं करत होतं? थोड्या वेळानं आष्ट्याहून थोरल्या भावाचा फोन आला. तो ऐंशीच्या पुढचा, शेतातून बोलत होता, मागं पंपाचा आवाज होता. "रायगोंडा, पत्रिकेवर अक्षर तुजं. हितंबी तुजंच. आमी खरं कुठलं धरायचं रं?" सर म्हणाले, "हे खरं. हे मी लिहिलंय." "आन् ते?" "ते तिनं." "तिला कुटं येतंय गड्या तुज्यासारकं लिवायला," भाऊ म्हणाला आणि फोन ठेवला.

ब्राह्मी रविवारी सकाळच्या गाडीनं आली. पाय धुऊन सरळ माडीवर गेली आणि दारात उभी राहिली. तिचे केस नीट विंचरलेले नव्हते. तो कागद सरांच्या टेबलावरच होता. तिनं तो उचलला आणि बराच वेळ बघत राहिली. शब्द तिला पाठ असणार, ती अक्षरं बघत होती, हे त्यांच्या लक्षात आलं. "तुमी मला फोन करायचा हुता, अण्णा," ती म्हणाली. "बासष्ट माणसांना सांगितलं, मला न्हाई."

"तू मला सांगितलं हुतंस, माझं नाव घालणार म्हणून?"

"तुमी न्हाई म्हणाला असता."

"न्हाई म्हटलंच हुतं."

ती कॉटच्या कडेला टेकली. "मला वाटलं, छापून आल्यावर तुमाला बरं वाटंल. आपलं दोघांचं काम हाय ते. अक्षर तुमचंच हाय की."

"अक्षर दिलं हुतं तुला," सर म्हणाले. आपला आवाज इतका शांत कसा, ह्याचं त्यांना नवल वाटलं. "होकार दिला नव्हता."

तिनं कागद मांडीवर ठेवला. खाली कुकरची शिट्टी झाली. त्यांना वाटलं, आता ती रडेल, आणि ती रडली तर आपण उठू, तिच्या डोक्यावर हात ठेवू. त्यांचा हात मांडीवर तयारही झाला होता. पण तिनं पुन्हा कागद डोळ्यांसमोर धरला आणि हळू आवाजात, दुखऱ्या जागेला हात न लावता बोलावं तशी म्हणाली, "अण्णा, तुमचा म बदललाय." "काय?" "म ची गाठ. तुमची अशी नव्हती. ही मी केलेली हाय. तुमी सात-आठ तऱ्हेनं लिहायचा, म्हणून मी त्यातनं मधली काढली. आता तुमीबी तशीच काढताय." तिनं कागद परत टेबलावर ठेवला. "आन् ह बी." मग ती उठली. "बरं. नाव काढते. दुसऱ्या पत्रिका करते. अक्षरबी काढते तुमचं." जिना उतरताना तिचा तोल गेल्याचा आवाज आला, कठडा धरल्याचा, मग पावलं. ती जेवली, आईशी बोलली, चारच्या गाडीनं गेली. ऋ बद्दल विचारायचं त्यांच्या ओठांवर होतं. विचारलं नाही. ती हो म्हणाली असती तरी, नाही म्हणाली असती तरी, त्यांना ते सोसलं नसतं.

ती गेल्यावर त्यांनी कपाटातून जुनी मानपत्रं काढली, जी न्यायला कुणी आलंच नव्हतं ती. जमिनीवर पसरून, चष्मा कपाळावर चढवून, भिंग घेऊन ते म शोधत रांगत राहिले. खरंच प्रत्येक गाठ वेगळी होती. एक घाईची, एक लांबलेली, एकात शाई जरा जास्त उतरलेली. कुठल्या तरी सकाळी कुठल्या तरी लहानशा आनंदात किंवा त्रासात ओढलेली. मग त्यांनी कोरा कागद घेतला आणि मुद्दाम तशी वेगळी गाठ काढायचा प्रयत्न केला. आली ती मधली. पुन्हा काढली. पुन्हा मधलीच. हात ऐकत नव्हता असं नाही. तो फार नीट ऐकत होता, पण कुणाचं तरी दुसऱ्याचं. रस्त्यावर, फलकांवर, क्लासच्या जाहिरातींत, वाढदिवसाच्या शुभेच्छांत, भावपूर्ण श्रद्धांजलीत चार वर्षं तेच अक्षर बघून बघून त्यांनी ते गिरवलं होतं, पोरांनी मास्तरांची अक्षरं गिरवावीत तसं. त्यांनी बोरू धुतला आणि फडक्यात गुंडाळून ठेवला. अंधार व्हायला अजून वेळ होता. खिडकीतून शेजारच्या घराच्या पत्र्यावर ऊन दिसत होतं, आणि करायला काहीच नव्हतं.

दुसरी पत्रिका पोस्टानं आली. पाकिटावर पत्ता ब्राह्मीच्या हातचा, बॉलपेननं, तसाच वेडावाकडा. आत साधा पांढरा कागद, लाइटबिलावर असतात तसली सरळ, मुकी अक्षरं. माथ्यावर देव नव्हताच. निमंत्रक म्हणून आईचं नाव: सौ. त्रिशला रायगोंडा मगदूम. मधे त्यांचं नाव राहिलंच होतं, ते काही निघण्यासारखं नव्हतं. त्यांनी मागितलं होतं ते सगळं तिनं दिलं होतं. मुलीचं नाव त्या अक्षरांत वाचताना त्यांना ती सरकारी यादीतली कुणी अनोळखी बाई वाटली, आणि हे आपणच केलं, आपणच तिला त्या यादीत घातलं, हे त्यांच्या लक्षात आलं. लग्नाच्या आदल्या दिवशी त्रिशलाबाई भावाच्या गाडीनं साताऱ्याला निघाल्या. आहेराचं पाकीट त्यांच्यापुढं ठेवून म्हणाल्या, "ह्यावर नाव तरी घाला तिचं." सरांनी पेन उचललं. बराच वेळ धरलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्रिशलाबाईंनी पाकीट कोरंच उचललं आणि पिशवीत घातलं. "डबा झाकून ठेवलाय," त्या म्हणाल्या. दार त्यांनी अलगद ओढून घेतलं.

सकाळी सर उठले, अंघोळ केली, पांढरं धोतर नेसले, कोट घातला, टोपी घातली. आपण कुठं जातोय हे त्यांनी मनाशीसुद्धा म्हटलं नाही. सांगली-सातारा गाडीत खिडकीची जागा मिळाली. आष्टा गेलं, इस्लामपूर गेलं, पेठ नाक्यावर गाडी हायवेला लागली. दोन्ही बाजूंना ऊस, मधे मधे फलक, फलकांवर ते अक्षर. कऱ्हाडला शेजारी बसलेल्यानं विचारलं, "लग्नाला काय?" त्यांनी मान हलवली. काय बोलायचं ते ते जुळवत होते. 'आलो बघ' असं म्हणावं? की काही न बोलता नुसतं समोर उभं राहावं? ती बघेल. तिला दिसेल. बाकीचं तिचं ती समजून घेईल, तिनं आजवर घेतलंच होतं. साताऱ्याच्या स्टँडवर त्यांनी रिक्षा केली. कार्यालयाच्या अलीकडेच उतरले. फाटकाच्या आत मांडव, फेटे बांधलेली माणसं, ताठ पाठीचे म्हातारे, पलटणीतले असावेत. लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू होती.

फाटकाशी एक वयस्कर गृहस्थ अक्षतांचं ताट घेऊन उभे होते. त्यांनी हसून वाट करून दिली. "या, या पाव्हणं. येळंवर आलासा. कुणाकडचं तुमी? मुलाकडचं का मुलीकडचं?" साधा प्रश्न होता. ते प्रत्येकालाच विचारत असणार. सरांनी तोंड उघडलं. मुलीचा बाप, हे दोन शब्द होते, आणि त्यांनी बासष्ट माणसांना स्वतःच्या हातानं लिहून कळवलं होतं की निमंत्रण माझे नाही. ह्या माणसानंही ते पाहिलं असेल का? ब्राह्मीला काय सांगावं लागलं असेल ह्या लोकांना? "मी... पाणी मिळंल का जरा," सर म्हणाले. गृहस्थांनी कुणाला तरी हाक मारली, पाण्याचा पेला आला, आणि त्यांनी आपण होऊन सरांच्या मुठीत अक्षता ठेवल्या. "पाणी प्या आन् जावा आत. श्येवटचं चाललंय." सर पाणी प्यायले. आतून 'सावधान' आलं, मग वाजंत्री, मग टाळ्या. ती मांडवात नेमकी कुठं उभी होती ते फाटकातून दिसत नव्हतं. फेट्यांच्या वरून फक्त फुलांची कमान दिसत होती. ताटवाले गृहस्थ आत वळले. सरांनी मूठ उघडली. अक्षता घामानं तळहाताला चिकटल्या होत्या. इथून फेकून त्या कुठंच पोचल्या नसत्या. त्यांनी त्या रस्त्याकडेच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी झटकल्या, काही चिकटून राहिल्या त्या कोटाला पुसल्या, आणि स्टँडकडे चालत निघाले. चालताना त्यांना वाटत होतं की मागून कुणीतरी हाक मारेल. पहिल्या वळणापर्यंत ते हळू चालले.

सांगलीत उतरले तेव्हा दिवे लागायची वेळ होती. गल्लीत शेजारच्या लीलाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. ब्राह्मी लहान असताना त्रिशलाबाई आजारी पडल्या की ती ह्यांच्याच घरी जेवायची. गुडघ्यांमुळं त्यांना लग्नाला जाता आलं नव्हतं. सरांचा कोट, टोपी बघून त्यांचा चेहरा उजळला. "आवं, आलासा? मी म्हटलंच हुतं, बापाचं काळीज हाय, जातील. झालं का झ्याक?"

"झालं," सर म्हणाले.

"माणूस लय असंल?"

"लय."

"आन् पोरगी? रडली का वो निघताना?"

सर फाटकाची कडी धरून उभे राहिले. गल्लीतून एक सायकल गेली, ती जाईपर्यंत ते थांबले. "रडली," ते म्हणाले. "माझ्या गळ्यात पडून रडली. सोडंना."

लीलाबाईंचे डोळे भरून आले. सूप मांडीवरून खाली ठेवत त्या म्हणाल्या, "असूंदे, असूंदे. आता जिवाला बरं वाटलं बगा," आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. सर तिथंच उभे होते. त्रिशलाबाई उद्या दुपारी परत येतील, पिशवी घेऊन ह्याच दारावरून जातील, आणि लीलाबाई त्यांना सगळ्यात आधी हेच सांगतील, हे त्यांना तेव्हा सुचलं. लीलाबाईंना हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं. आत दिवा लागला होता, आणि म्हातारी कुणाला तरी मोठ्या आवाजात, आनंदानं, तेच सांगत होती.